साइझनंतर ट्रिम

आमच्या रायफल क्लबात गेल्या रविवारी एक नवा मेंबर आला, ब्रिस्टलकडचा, विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यानं टेबलावर एक विजेचं यंत्र मांडलं आणि सगळ्यांना गोळा करून दाखवायला लागला. पितळी पुंगळी भोकात घालायची, बटण दाबायचं, दोन सेकंदांत तोंड कापून बाहेर. लोक वा वा करत होते. मी विचारलं, "हे लांबी कुठून मोजतं? बुडापासून का खांद्यापासून?" तो म्हणाला, "खांद्यापासून, पण इट्स व्हेरी ॲक्युरेट." मी म्हटलं, "पुंगळी आधी साइझ केलीस का?" तर हसला. म्हणाला, "अंकल, मी नंतर करतो, इट्स फाइन." मला इतका संताप आला की चहा तसाच टाकून घरी आलो. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही का एवढे रागावता? पुंगळी आहे तो." पुंगळी आहे तो! तिचं मराठी असंच आहे. पण तिनंच सांगितलं की आजोबा, रागवण्यापेक्षा लिहून काढा, मी टाइप करते. म्हणून हे प्रकरण. माझी शाळा चौथीपर्यंत कोल्हापुरात, मग काही वर्षं नाहीच, आणि पुढे इथे लेस्टरला दीड वर्ष, तीही मागच्या बाकावर. तेव्हा शुद्धलेखन बघायचं असेल त्यानं दुसरं पुस्तक उघडावं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो, नाहीतर माझा राग कशाचा ते कळणार नाही. जुन्या मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रायफली असतात, पणजोबांच्या काळातल्या. त्यांची काडतुसं आता दुकानात मिळत नाहीत. म्हणून हौशी लोक झाडलेली रिकामी पुंगळी जपून ठेवतात आणि पुन्हा भरून वापरतात. पुंगळीला खाली बूड असतं आणि वर तोंडाकडे ती जिथं निमुळती होते तो खांदा. बार उडाला की पुंगळी फुगते. ती पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून परत मापात आणायची, याला म्हणतात साइझ करणं. पण दाबलं की पितळ जाणार कुठं? लांबीत जातं. मग वाढलेलं तोंड कापून पुंगळी बरोबर लांबीची करायची, ते ट्रिम. तोंड लांब राहिलं तर ते नळीत पुढं जाऊन आवळतं, गोळीला घट्ट धरून बसतं, आणि बार उडताना आत दाब भलताच चढतो. रायफलीला बिलगलेला गाल माणसाचा असतो. म्हणून आधी साइझ, मग ट्रिम. यात मतभेदाला जागा नाही.

आता घराचं सांगतो. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं, एकाला एक चिकटलेल्या विटांच्या रांगेतलं. एका बाजूच्या घरात होजिअरीचं यंत्र दिवसभर खडखड करायचं, त्यामुळे आमच्या भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी सदा तिरक्या. आई रोज सकाळी उदबत्ती लावायच्या आधी त्या सरळ करायची आणि शेजारणीला तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायची. त्याच शेजारणीकडून मग बाजरीचं पीठ उसनं आणायची. आईच्या स्वयंपाकाला कोल्हापूर सोडून दुसरा गाव माहीतच नव्हता. मिरच्या मार्केटातून आणून तव्यावर भाजल्या की गोऱ्या पोस्टमनला दारात ठसका लागायचा. शुक्रवारी शेंगोळी व्हायची. कुळथाचं पीठ मिळत नव्हतं, म्हणून बेसन आणि बाजरीचं पीठ मिसळून, भरपूर लसूण घालून. आई परातीत पिठाची वळी करायची, मी आणि आबा तुकडे तोडायचो. खिडकीची काच आतून वाफेनं भरायची आणि बाहेरचं लेस्टर दिसेनासं व्हायचं. त्या वेळी आबा फार बोलायचे. बाकी आठवडाभर नाही.

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात उद्यमनगरात ते टर्नर होते, लेथवर धातू कापणारे. नुसते टर्नर नव्हे, लोक ऑइल इंजिनाचा जाम झालेला भाग घेऊन लांबून यायचे आणि म्हणायचे, शिंदे मिस्त्रीलाच दाखवायचा. सही करण्यापुरतं नाव यायचं, बाकी अक्षराशी ओळख नाही. पण अंगठ्याचं नख धातूवरून फिरवून एक थौ कमी की जास्त ते सांगायचे. थौ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इथं आल्यावर ज्या छोट्या शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, त्यांना काम मिळालं तिथं मालकानं, पेल त्याचं नाव, त्यांना कुठं बसवलं? बर काढायच्या बाकावर. लेथवरून, ड्रिलवरून जे तुकडे येतात त्यांच्या कडेला धातूची धार राहते, ती कानशीनं घासून काढायची. चार वर्षं. चार वर्षं तो माणूस दुसऱ्यांनी वेडेवाकडे कापलेले तुकडे घासत बसला. का? तर ड्रॉइंग वाचता येत नाही म्हणून. हातात कौशल्य असताना माणसाला कागदावरून तोलणारी ही जात मला कधी पटली नाही आणि पटणारही नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो, त्याच शॉपमध्ये सामान वाहायचो आणि आबांचं बोलणं पेलला सांगायचो. माझं इंग्रजी म्हणजे शाळेतलं दीड वर्ष आणि फुटबॉलच्या मैदानावरच्या शिव्या. पण आबांपेक्षा जास्त.

शहराबाहेरच्या एका रायफल क्लबाचे सेक्रेटरी, कॉटरिल नावाचे उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, एक दिवस शॉपमध्ये आले. त्यांनी बाकावर तीन हत्यारं मांडली. एक हातानं फिरवायचा छोटा ट्रिमर, एक ड्रिलमध्ये बसवायचा कटर, आणि एक नुसता पोलादी ठोकळा, ज्यात पुंगळी उभी घालून वर आलेलं तोंड कानशीनं घासायचं. शेजारी पुंगळी ठेवली. मी अशी पुंगळी पहिल्यांदाच बघत होतो, माझ्या मधल्या बोटाहून लांब आणि अंगठ्याहून जाड. कॉटरिल म्हणाले की ही तिन्ही हत्यारं छोट्या पुंगळ्यांना चालतात, आमच्या या मोठ्या पुंगळ्यांना एकही धड चालत नाही. काहीतरी करून द्या, सहा नग. पेलच्या टर्नरनं ड्रिलचा कटर मोठा करून बघितला. त्यानं कापलेल्या पुंगळ्या बर काढायला आबांकडे आल्या. आबांनी एक उचलली, तोंडावरून नख फिरवलं आणि खाली ठेवली.

"दत्ता, त्याला सांग, याची बर काढून उपयोग न्हाई. हत्यारच चुकलंय."

मी सांगितलं. पेल कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "ओ, ही थिंक्स सो, डझ ही?"

"त्याला म्हणावं, कटर थरथरतोय. तोंडावर लाटा बघ की. दोन दातांचा कटर बारीक तोंडाला ठीक, हितं चार दात पायजेत. आणि पुंगळी नुसती तोंडाकडनं धरलीय, बूड मोकळं. बूड धर, आतनं तोंडाच्या मापाची खुंटी घाल, आणि माप बुडापासनं घे. खांद्यापासनं घेऊ नको. खांदा दर बाराला सरकतो, बूड सरकत न्हाई."

मी जमेल तसं उलथापालथ करून सांगितलं. कॉटरिल मात्र लक्ष देऊन ऐकत होते. ते म्हणाले, "या माणसाला करू द्या." पेलनं टर्नरकडे बघितलं. टर्नर म्हातारा होता आणि नाताळला निवृत्त होणार होता, त्याला कशाचंच वाईट वाटत नव्हतं. पेल म्हणाला, "ठीक आहे. हे जमलं तर नाताळनंतर तो लेथ तुझ्या बापाचा." मी हे आबांना सांगितलं. ते हात पुसत लेथपाशी गेले आणि चार वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या चाकावर हात ठेवला.

तीन आठवडे आबा वेगळेच होते. जेवताना पितळेबद्दल बोलायचे. शेंगोळी करताना त्यांनी मला पितळ शिकवलं. तळहातानं वळी दाबून लांब केली आणि म्हणाले, "आता बघ. आधी तोडलीस आणि मग वळलीस तर काय हुईल? प्रत्येक तुकडा वेगळा लांब. आधी वळायचं, मग तोडायचं. साइझ केल्यानंतर ट्रिम. हे त्यास्नी लिहून दे, चिट्ठीवर. लोक घाई करत्यात." आई म्हणाली, "तुमचं पितळ राहू द्या, माझं पीठ चेंगरू नका." पण हसत होती. तीही त्या लेथची वाट बघत होती.

हत्यार झालं ते असं झालं. लांब पोलादी पाट, एका टोकाला पुंगळीचं बूड घट्ट धरणारी पकड, दुसऱ्या टोकाला चार दातांचा कटर, मधे पुंगळीच्या तोंडात जाणारी खुंटी, आणि कटर एका ठरावीक जागेपुढे जाऊच नये म्हणून अडसर. हातानं फिरवायचं. घाईची सोयच नाही. सहा नगांच्या सहा लाकडी पेट्या. प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी माझ्या हातानं, मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिट्ठी डकवली. आबांनी सांगितलं तसंच्या तसं. साइझनंतर ट्रिम. इंग्रजीत, साइझ आफ्टर ट्रिम. सहा वेळा लिहिलं, जीभ बाहेर काढून, एकही अक्षर न खोडता.

दोन आठवड्यांनी एका शनिवारी सकाळी कॉटरिल परत आले. सहाही पेट्या घेऊन. चेहरा असा की पेलनं आधी रेडिओ बंद केला. क्लबात नव्या हत्यारानं ट्रिम केलेल्या पुंगळ्या भरून लोक रेंजवर गेले, तर निम्म्या रायफलींचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, बसेना. एकानं जोर लावून बसवला आणि बार उडवला, मग बोल्ट उघडेना, लाकडी हातोड्यानं ठोकून उघडावा लागला. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. पुंगळ्या मोजल्या तर कुठं सहा थौ लांब, कुठं दहा. "तुमच्या हत्याराला लांबी धरता येत नाही," कॉटरिल म्हणाले. पेलनं आबांकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाला, "सांग त्याला, परत बाकावर."

मी सांगितलं नाही. मी आबांना म्हटलं, "ते म्हणतात लांबी चुकली." आबांनी हात पुढे केला. पुंगळी मागितली. कॉटरिलनी दिली. आबांनी ती उजेडाकडे धरली, तोंडाच्या कडेला नख लावलं, वास घेतला. मग दुसरी, तिसरी. प्रत्येकीचा वास घेतला. पेल म्हणाला, "तो आता खाणार आहे का ती?"

"दत्ता," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला होता, जो मी त्या शॉपमध्ये कधी ऐकला नव्हता. "हे बघ. कापलेल्या कडेवर डायचं वंगण चढलंय. कडा दबलीय. म्हंजे कापून झाल्यावर डायमधी घातलीय. यांनी उलटं केलंय! सांग त्यास्नी. माझ्या हत्याराची चूक न्हाई. उलटं केलंय म्हणावं!"

आणि मी सांगितलं. चार वर्षांचं सगळं तोंडात आलं. मी कॉटरिलसारख्या माणसाला बोट दाखवून ओरडलो, "यू डिड इट राँग वे! यू! नॉट माय फादर!" शॉपमधल्या सगळ्या मशिनी थांबल्या. कॉटरिल लाल झाले. त्यांनी पेटी उघडली, झाकण माझ्याकडे फिरवलं आणि चिट्ठीवर बोट ठेवलं.

"रीड इट, यंग मॅन."

मी वाचलं, मोठ्यानं. "साइझ आफ्टर ट्रिम."

"एक्झॅक्टली. तेच आम्ही केलं. आम्हालाही विचित्र वाटलं. पण म्हटलं, हत्यार तुमचं, पद्धत तुमची."

आबांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

"चिट्ठीवर लिहिलंय तसंच केलं म्हणतात."

"काय लिहिलंयस?"

"साइझनंतर ट्रिम."

"मग बरोबर हाय की!"

"बरोबरच आहे," मी म्हटलं, आणि पेलकडे वळून म्हणालो, "इट इज राइट! साइझ. आफ्टर. ट्रिम!" तिघं माझ्याकडे बघत होते, दोन गोरे आणि एक बाप, आणि मला खरोखर कळत नव्हतं की या शिकलेल्या माणसांना एवढे तीन शब्द वाचता कसे येत नाहीत. मी तीनदा वाचून दाखवलं. शेवटी पेल, जो कधी हळू बोलायचा नाही, हळू बोलला.

"डॅन," तो मला डॅन म्हणायचा, "मी तुला म्हटलं, टी आफ्टर वर्क. तर तू आधी काय करशील?"

"वर्क," मी म्हटलं.

"आणि साइझ आफ्टर ट्रिम?"

"ट्रिम," मी म्हटलं, आणि झाकणावरची चिट्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

आज माझी नात म्हणते, "आजोबा, टेक्निकली ते बरोबर होते." टेक्निकली! मी तिलाही सांगितलं आणि इथंही सांगतो. आपला 'नंतर' मागच्या शब्दाचा हात धरतो, त्यांचा 'आफ्टर' पुढच्याचा. हे मला कुणी शिकवलं होतं? शाळेनं दीड वर्षात मला नकाशे रंगवायला दिले आणि मागच्या बाकावर गप्प बसवलं. आणि एवढी मोठी चूक वाटली, तर विचित्र वाटलं त्या दिवशी एक माणूस सायकलवरून येऊन विचारू शकत नव्हता? आपण विचारतो. ते चिट्ठी पाळतात. अक्षर माझं होतं हे मी कबूल करतो. चूक सगळी माझी होती हे मी आजही कबूल करत नाही.

आबांना समजावून सांगायला मात्र मला फार वेळ लागला, कारण मला मान वर करता येईना. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे यांच्यात नंतर उलटं लागतं?"

"होय."

"मग आपण सुलट करून दाखवू. दहा पुंगळ्या माग."

कॉटरिलनी झाडलेल्या पुंगळ्या आणि त्यांचा डाय गाडीतून आणला. आबांनी एकेक साइझ केली, पुसली, मग आपल्या हत्यारात घालून सावकाश कापली. कटरमधून पितळेचा बारीक कीस गोल गोल खाली पडत होता. दहाव्या पुंगळीनंतर कॉटरिल स्वतः व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, घेऊन मोजायला बसले. दहाच्या दहा एका मापाच्या. त्यांनी पुन्हा मोजल्या. मग उठून उभे राहिले, आबांपुढे हात केला आणि म्हणाले, "माय अपॉलॉजीज, मिस्टर शिंदे." चार वर्षांत त्या इमारतीत आबांना मिस्टर म्हणणारा तो पहिला. सहाही पेट्या ते परत घेऊन गेले. चिट्ठ्या मात्र पेलनं आधी फाडून काढल्या आणि स्वतःच्या अक्षरात लिहिल्या.

मला वाटलं, झालं. नाताळ आला, टर्नरला केक कापून निरोप दिला. सुट्टीनंतरच्या सोमवारी पेलनं मला बोलावलं आणि लेथची चावी माझ्या हातात दिली. माझ्या! मी म्हटलं, "माय फादर." तो म्हणाला, "लूक डॅन, ही इज अ गुड मॅन. पण मला ड्रॉइंग समजणारा, बोलणारा माणूस हवा. तुझ्याकडे इंग्रजी आहे." इंग्रजी! ज्या इंग्रजीनं तीन शब्दांत क्लबाच्या रायफली अडकवल्या, त्याच इंग्रजीच्या जोरावर लेथ मला, आणि ज्याच्या हातानं दहाच्या दहा बरोबर कापल्या त्याला बाक! मी चावी टेबलावर आपटली. पेल म्हणाला, "तू नको म्हणालास तर बाहेरून माणूस आणीन. तुझ्या बापाला नाही."

घरी आई ऐकून भांडीच घासत राहिली, आधीच स्वच्छ असलेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बापाच्या जागेवर उभा राहणार तू?"

"मी नाही म्हणून आलोय."

"कुणी सांगितलं तुला नाही म्हणायला?" आबा जिन्यावरून म्हणाले. "जागा माझी कधी झाली हुती म्हणून तू घेणार हायस? उद्या जाऊन चावी घे. बाहेरचा आला तर त्याच्या हातची घाण मीच घासणार हाय. त्यापरीस तुझी बरी."

"पण आबा, हा अन्याय—"

"मला म्हाईत हाय काय हाय ते. मला शिकवू नको. चावी घे."

मी घेतली. लेथवर पहिला दिवस, एका साध्या बुशचं, म्हणजे आखूड पोकळ नळीचं काम, पन्नास नग. पहिले पाच मी फार काळजीनं केले आणि ट्रेमध्ये घालून आबांच्या बाकावर नेऊन ठेवले. त्यांनी कानस उचललीच नाही. पहिला बुश उचलला, नख फिरवलं, आणि खाली पायाशी असलेल्या टाकाऊ मालाच्या डब्यात टाकला. त्यांना इंग्रजीतले चारच शब्द यायचे, त्यातला एक मोठ्यानं म्हणाले, "स्क्रॅप!" शॉप हसलं. दुसरा. "स्क्रॅप!" तिसरा त्यांनी दोनदा फिरवून बघितला आणि कानस हातात घेतली.

पेल हसण्याचा आवाज ऐकून ऑफिसातून बाहेर आला. डब्यातून माझा पहिला बुश काढला, डोळ्यासमोर धरला आणि म्हणाला, "लुक्स ऑल राइट टू मी." व्हर्निअर माझ्या खिशातच होतं, पण मी मोजलं नाही. मी त्याच्या हातातून तो बुश काढून घेतला आणि परत डब्यात टाकला.

"माय फादर सेज स्क्रॅप," मी म्हटलं, आणि लेथ चालू केला.